मोज्यांसाठी मऊ लोकर निवडताना आधी पीळ बघा

गुंडा हातात घ्यायचा, दाबायचा, गालाला लावून बघायचा आणि लुसलुशीत लागला की घेऊन टाकायचा. मफलरीला, टोपीला, बाळाच्या स्वेटरला एवढी परीक्षा पुरते. मोज्यांना पुरत नाही. मफलर मानेभोवती नुसती पडून असते. मोज्यावर मात्र अख्ख्या अंगाचा भार येतो, तोही बंद, गरम, ओलसर बुटात, आणि प्रत्येक पावलाला टाच थोडीशी वरखाली सरकत राहते. म्हणूनच हाताला सगळ्यात मऊ लागलेल्या धाग्याचे मोजे बहुतेक वेळा सगळ्यात आधी विरतात. विरण्याआधी ते खरखरीतही होतात: सैल तंतू घासून बाहेर येतात, एकमेकांत गुंततात, गोळे धरतात आणि तळव्याखालचा भाग नमद्यासारखा घट्ट होऊन बसतो.

तेव्हा हातातला मऊपणा वेगळा आणि पायातला मऊपणा वेगळा, हे मनाशी धरूनच धागा निवडायला बसावं. पायात मऊपणा टिकायचा तर तंतू बारीक हवा, आणि त्याहून जास्त गरज असते ती घट्ट पिळाची, पुरेशा पदरांची (म्हणजे एकत्र पिळलेल्या बारीक धाग्यांची) आणि थोड्याशा नायलॉनची. बारीक तंतू, पण पीळ ढिला, असा धागा आठवडाभर सुख देतो. किंचित जाड तंतू, पण पीळ कसलेला, असा धागा दोन-तीन धुण्यांनंतर आणखी मऊ होतो आणि तसाच राहतो. या दोहोंतून एकच निवडायचा असेल तर डोळे मिटून दुसरा घ्यावा.

पट्टीवर काय वाचायचं

बोलताना आपण विणायच्या प्रत्येक धाग्याला लोकर म्हणतो, मग तो सगळाच्या सगळा अॅक्रेलिक का असेना. इथेच पहिली फसगत होते. त्यामुळे गुंड्याभोवतीची कागदी पट्टी फिरवून टक्केवारी शोधा. या लेखात ‘लोकर’ म्हणजे मेंढीच्या अंगावरची, आणि विणायचा तो ‘धागा’.

मोज्यांच्या धाग्याचं जुनं, कसाला उतरलेलं प्रमाण म्हणजे ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन. पट्टीवर पॉलिअमाइड लिहिलेलं असेल तरी ते नायलॉनच. ८०-२० हे प्रमाणही चांगलं. नायलॉन दहा टक्क्यांच्या खाली गेलं की टाचेला त्याचा फारसा आधार उरत नाही. तीस टक्क्यांच्या बरंच वर गेलं की मोजा गुळगुळीत लागतो आणि पाय घामेजतो. कारण सोपं आहे. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के वाफ पोटात घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही. नायलॉन जेमतेम चार टक्के घेतं, अॅक्रेलिक त्याहूनही कमी. नायलॉन हवं ते झिजेला तोंड द्यायला. पाय कोरडा ठेवायचं काम लोकरीचंच.

दुसरा आकडा लांबीचा. १०० ग्रॅमला ४०० ते ४२५ मीटर हा मोज्यांचा नेहमीचा धागा, ५० ग्रॅमच्या गुंड्यात २०० ते २१० मीटर. १०० ग्रॅमला साडेतीनशे मीटरच्या आसपास असेल तर तो जाड आहे. मोजे छान होतील, पण रोजच्या बुटात मावतीलच असं नाही. जाड मोज्यांसाठी जो सहापदरी म्हणून मिळतो, तो साधारण १५० ग्रॅमला ३७५ ते ३९० मीटर भरतो. नुसतं वजन बघून धागा कधी घेऊ नये. दोन गुंडे शंभर-शंभर ग्रॅमचे असून एकात दुसऱ्याच्या दीडपट धागा असू शकतो.

एक घोटाळा नेहमीचा आहे. पट्टीवर ‘४ प्लाय’ असेल तर धागा चार पदरांचाच आहे असं समजू नका. हे धाग्याच्या जाडीचं नाव होऊन बसलंय. खरे पदर किती, ते धागा उलगडूनच कळतं.

पट्टीवर आणखी तीन गोष्टी बघाव्यात. धुण्याची खूण: टबात हात असेल तर फक्त हाताने धुवायचं, टबात ३० किंवा ४० असेल तर तेवढ्या अंशांवर यंत्रात चालेल, टबाखाली आडवी रेघ असेल तर यंत्राचा हलका फेरा लावायचा. सुईचा आकार आणि टाक्यांचा अंदाज: मोज्यांच्या धाग्यावर साधारण २.५ मिमी सुई आणि १० सेंटिमीटरला ३० टाके, ४२ ओळी असं काहीसं असतं. आणि रंगाच्या खेपेचा क्रमांक (डाय लॉट), म्हणजे धागा एकाच वेळी रंगवलेल्या कोणत्या खेपेतला आहे ते. दोन गुंडे लागणार असतील तर हा क्रमांक दोन्हींवर एकच हवा. दुकानातल्या दिव्याखाली जुळलेले रंग उन्हात हमखास वेगळे दिसतात, आणि मोज्यांची तर जोडी असते.

मऊपणा नेमका येतो कुठून

लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन असतो. लोकरीचा तंतू ३० मायक्रॉनच्या वर गेला की तो कातडीला टेकल्यावर वाकत नाही, टोचतो. धाग्यातल्या शंभरातल्या पाचेक तंतूंहून जास्त तंतू असे जाड असले तर बहुतेकांना ‘लोकर चावते’ असं वाटू लागतं. यात अॅलर्जीपेक्षा टोकं टोचण्याचाच भाग मोठा असतो. त्यामुळे ‘मला लोकर चालत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांना बारीक लोकर बिनतक्रार चालते.

मेरिनो मेंढीची लोकर साधारण १७ ते २४ मायक्रॉनची. त्यामुळे ती टोचत नाही, आणि तिच्यातल्या नैसर्गिक कुरळेपणामुळे मोजा पायावर चिकटून बसतो. दोष एकच: तंतू बारीक आणि आखूड, म्हणून नायलॉन आणि पीळ दोन्ही नसतील तर ती लवकर झिजते. ब्लूफेस्ड लेस्टर जातीची लोकर २४ ते २८ मायक्रॉनची, लांब तंतूंची, किंचित चमकदार. हाताला मेरिनोएवढी लोण्यासारखी लागत नाही, पण पायात टोचत नाही आणि जास्त दिवस चालते. तळव्याची कातडी मानेपेक्षा कितीतरी जाड असते. मानेला सोसणार नाही अशी लोकर पायाला खुशाल चालते. मोज्यांसाठी अतिबारीक मेरिनोचा हट्ट म्हणूनच सोडून द्यावा.

पट्टीवर नुसतं ‘लोकर’ लिहिलंय, जात नाही, तर घाबरायचं कारण नाही. मोज्यांचे कितीतरी भरवशाचे धागे असेच असतात. ते गुंड्यात जरा राठ वाटतात. एक चौकोन विणून, धुऊन मगच त्यांच्याबद्दल मत बनवावं.

‘सुपरवॉश’ शब्दाचाही अर्थ समजून घेतलेला बरा. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात. ओल, ऊब आणि घर्षण एकत्र आलं की हे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटतं. बुटातला पाय या तिन्ही गोष्टी एकदम पुरवतो. सुपरवॉशमध्ये बहुतेक वेळा क्लोरीनची प्रक्रिया करून खवल्यांची धार घालवतात आणि वर पॉलिमरचा पातळ लेप देतात. त्याने लोकर आटत नाही, यंत्रात धुता येते, स्पर्शाला मऊ आणि निसरडी होते. पण तंतूंची एकमेकांवरची पकडही कमी होते, म्हणून ओला झाल्यावर असा मोजा लांबतो. नवखे इथे दचकतात आणि मोजा बिघडला म्हणून बाजूला टाकतात. सुकल्यावर तो बराचसा पूर्वपदावर येतो. विणताना मात्र वीण घट्ट ठेवायला हवी.

सुपरवॉश नसलेली लोकरही वाईट नाही. तिचा तळवा पहिल्या काही वापरांत थोडा दाटतो आणि त्या दाटण्यानेच टिकाऊ होतो. फक्त ते मोजे कायम हातानेच धुवायची तयारी हवी. दुसऱ्या कुणाला भेट द्यायचे असतील तर सुपरवॉशच घ्यावा, कारण भेट दिलेले मोजे कधी ना कधी यंत्रात जातातच.

मिश्रणातले इतर तंतू

कश्मिरी लोकर (कॅशमियर, ही मेंढीची नाही, बकरीची) दहा टक्के असली तरी हाताला कळते. मेरिनो ८०, कश्मिरी १०, नायलॉन १० असं मिश्रण सर्रास मिळतं. स्पर्श अप्रतिम, पण कश्मिरीचे तंतू फार आखूड, त्यामुळे गोळे लवकर धरतात. घरात, पलंगावर, थंडीच्या रात्री घालायच्या मोज्यांना हे मिश्रण घ्यावं. बुटात रोज घालायला घेऊ नये, मग ते कितीही महाग असो.

रेशीम मजबूत असतं, पण त्याला लवचिकपणा नसतो. दहा-वीस टक्क्यांपर्यंत ते चमक आणि थंडावा देतं; जास्त असलं की मोजा घोट्यापाशी सैल पडून गोळा होतो. अल्पाका अतिशय ऊबदार, पण त्यालाही कुरळेपणा कमी, म्हणून तेही वीसेक टक्क्यांपलीकडे नको. बांबूचा म्हणून जो तंतू मिळतो तो एक प्रकारचा व्हिस्कोज, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेला. थंड लागतो, पण ओला झाला की कमजोर होतो आणि आकार धरत नाही. पाय फार घामेजत असतील आणि लोकर जास्त नको वाटत असेल तर सूती-लोकर-नायलॉन मिश्रण बघावं, ज्यात थोडासा लवचिक तंतू घातलेला असतो. अंगोरा मोज्यांत नको. तो गळतो आणि आटतो.

ज्यांना नायलॉन नकोसं वाटतं त्यांच्यासाठी मोहेर हा चांगला पर्याय आहे. अंगोरा जातीच्या बकरीचा हा तंतू लांब, गुळगुळीत आणि चिवट. (अंगोरा तंतू सशाचा आणि मोहेर अंगोरा बकरीचा, हा नावांचा गुंता लक्षात ठेवावा.) मोहेर म्हटलं की केसाळ धागा डोळ्यासमोर येतो, पण घट्ट पिळलेल्या मोज्यांच्या धाग्यात तो तसा फुलत नाही. लोकरीत पंधरा ते तीस टक्के मोहेर असलं तर मोजा नायलॉनशिवायही बऱ्यापैकी टिकतो. कोवळ्या बकरीचं मोहेर घ्यावं, मोठ्या बकरीचं टोचतं.

लोकर आणि अॅक्रेलिक निम्मे-निम्मे असलेला धागा हाताला फार मऊ लागतो, कारण बहुधा तो ढिला पिळलेला असतो. तो ताणला की ताणलेलाच राहतो, घाम शोषत नाही. रोजच्या मोज्यांसाठी तो घेऊ नका.

धागा हातात घेऊन तपासायचा कसा

विकत घेण्याआधी टोक बाहेर काढायची मुभा असेल तर वीतभर धागा ओढा. काळ्या किंवा गडद कापडावर धरा आणि तिरक्या उजेडात बघा. धाग्याच्या कडेने बारीक केसांचं धुकं दिसतं. थोडं असणारच. धुकं जेवढं दाट तेवढे आखूड, सुटे तंतू जास्त, आणि तेच पुढे गोळे होतात. नंतर पिळाच्या रेघा बघा. धाग्याच्या लांबीला जवळजवळ समांतर, लांबट रेघा म्हणजे पीळ ढिला. तिरक्या, दोरखंडासारख्या जवळ-जवळ बसलेल्या रेघा म्हणजे पीळ घट्ट.

आता दोन्ही चिमटींत धरून पिळाच्या उलट फिरवा. पदर सुटे होतील, ते मोजा. एकपदरी धागा मोज्यांसाठी नकोच, रंग कितीही मोहात पाडो. दोनपदरी चालतो, पण त्याची वीण किंचित खडबडीत, दाणेदार लागते. तीन आणि चार पदरी उत्तम. पदर वाढले की धागा गोल होतो, आणि एका पदराचे तंतू झिजले तरी बाकीचे टाका धरून ठेवतात. त्यातला एक पदर वेगळा करून हळूच ओढा. चटकन कापसासारखा सुटत गेला तर तंतू आखूड आहेत. जरा ताण धरून मग तुटला तर तंतू लांब. पदरात एखादा सलग, चकचकीत, केसासारखा धागा दिसला तर तो नायलॉनचा. काही धाग्यांत नायलॉन असं वेगळं घालतात आणि काहींत लोकरीबरोबरच पिंजून मिसळतात. मिसळलेलं नायलॉन स्पर्शाला जास्त एकजीव लागतं.

यानंतर हातभर धागा ताणा आणि सोडा. लगेच मागे आला पाहिजे. लोंबकळत राहिला तर मोजाही घोट्यावर तसाच लोंबकळेल.

गुंडा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, पण क्षणभर नको. पाच-दहा मिनिटं ठेवा. टोचणं बऱ्याचदा ऊब आणि घाम आल्यावरच सुरू होतं.

पट्टी हरवलेला किंवा कुणी दिलेला धागा असेल तर जाळून बघता येतं. बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा, खिडकी उघडी असू द्या. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि बोटाने चुरडता येईल अशी काळी राख सोडते. नायलॉन वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसतं: राख, आणि तिच्यात बारीक टणक खडे. अॅक्रेलिक भरभर पेटतं, काळा धूर सोडतं, मागे वेडावाकडा टणक गोळा राहतो. कापूस जळत्या कागदासारखा वास देतो. या कसोटीने टक्केवारी कळत नाही, पण अॅक्रेलिकला लोकर समजून फसायची वेळ येत नाही.

चौकोन विणल्याशिवाय खात्री नाही

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, पण मोज्याच्या धाग्याचं खरं रूप इथेच दिसतं. मोजे गोलाकार विणणार असाल तर नमुनाही गोलाकार विणावा. सपाट विणताना उलट ओळीला हात वेगळा पडतो आणि माप चुकतं. साधारण १२ सेंटिमीटर उंचीचा तुकडा पुरे. टाके मोजा. मग मोजे जसे धुणार तसाच हा तुकडा धुवा, सपाट वाळवा आणि पुन्हा मोजा. सुपरवॉश धाग्यात १० सेंटिमीटरला आधी ३२ टाके आणि धुतल्यावर ३० असा फरक पडणं अगदी नेहमीचं. हिशेब धुतलेल्या आकड्यावर करायचा.

पायाचा चवड्यापाशी घेर २३ सेंटिमीटर असेल तर मोजा दहा टक्के कमी, म्हणजे २०.७ सेंटिमीटरचा हवा. विणीचा ताण १० सेंटिमीटरला ३० टाके असेल तर २०.७ × ३ म्हणजे जवळजवळ ६२ टाके. चारच्या पटीत आणायचे तर ६० किंवा ६४. पायाची कमान उंच असेल तर ६४, नाहीतर ६०. आता हेच ६४ टाके २८ च्या ताणावर विणले तर मोजा जवळजवळ २३ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे पायाएवढाच. तो बुटात सरकतो, सरकला की घासतो, घासला की विरतो. लोक धाग्याला दोष देतात. दोष वीण ढिली पडल्याचा असतो.

मोज्याची वीण स्वेटरपेक्षा घट्टच हवी. तुकडा उजेडासमोर धरून हलकेच ताणला तर टाक्यांमधून प्रकाश बारीक ठिपक्यांसारखा यावा, खिडक्यांसारखा नाही. खिडक्या दिसल्या तर सुई पाव मिमीने लहान घ्या. याउलट तुकडा पुठ्ठ्यासारखा ताठ झाला, तर एवढ्या घट्ट विणीत कोणताही धागा मऊ लागणार नाही. सुई पाव मिमीने मोठी करा.

वाळलेल्या तुकड्याची एक कड दुमडून ती त्याच्याच दुसऱ्या भागावर शंभर वेळा घासा. थोडा लव उभा राहणं ठीक. गोळे झाले, टाक्यांचा आकार पुसट झाला, तर तो धागा घरातल्या मोज्यांसाठी ठेवा. पांढरं ओलं कापड तुकड्यावर दाबूनही बघा. रंग उतरला तर विणण्याआधी लडी कोमट पाण्यात, पाणी नितळ येईपर्यंत, पुन्हा पुन्हा धुवा. नुसत्या व्हिनेगरच्या थंड पाण्यात बुडवून रंग पक्का होत नाही. असा रंग बसायला आम्लाबरोबर उष्णताही लागते.

कुणाच्या पायासाठी

इथवरच्या सगळ्या कसोट्या या प्रश्नापुढे वाकवाव्या लागतात. न चालणाऱ्या बाळाच्या मोज्यांना झीज नसतेच, तिथे खुशाल सगळ्यात मऊ धागा घ्या, फक्त सुपरवॉश असू द्या आणि आतल्या बाजूला धाग्याची लांब टोकं सोडू नका, बोटं अडकतात. १५ ते २५ ग्रॅम पुरतात. धावत्या मुलांना ७५-२५ चाच धागा, ३५ ते ५० ग्रॅम.

वयस्कर माणसांच्या पायांवर पुष्कळदा सूज येते आणि कातडी नाजूक होते. त्यांच्यासाठी तीन-चार पदरी, गोलसर, मऊ मेरिनो-नायलॉन घ्यावं, पण वरची पट्टी घट्ट होईल असा लवचिक धागा त्यात घालू नये. दोन सुलट-दोन उलट वीण पोटरीपर्यंत नेली तर मोजा दाब न देता टिकून राहतो. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झालीय, त्यांच्या मोज्यात गाठ नकोच. धागा संपला तर टोकं विणीत घालून जोडावीत, आणि तीही तळव्याखाली नाही, पायाच्या वरच्या बाजूला. दोनपदरी धाग्याचे दाणेही अशा पायांना नकोत.

दिवसभर बूट घालून चालणाऱ्यांसाठी मऊपणाची अपेक्षा एक पायरी खाली आणा आणि पिळाची एक पायरी वर न्या. डोंगरात, पावसाळी बुटांत घालायचे असतील तर सहापदरी, २५ टक्के नायलॉनचा.

मोठ्या माणसांच्या जोडीला साधारण ६० ते १०० ग्रॅम लागतात. मध्यम पायाच्या, पोटरीच्या खालपर्यंत येणाऱ्या जोडीला ६५-७५ ग्रॅम. मोठ्या पायाला १०० ग्रॅम काठावर येतात, एखादा जास्तीचा गुंडा जवळ असू द्या. सुरुवातीलाच गुंडा वजनकाट्यावर ठेवून दोन सारख्या भागांत वाटून घ्या. मग पहिला मोजा किती उंच करायचा हे आपोआप ठरतं. पट्ट्यापट्ट्यांच्या रंगाचा धागा असेल तर दोन्ही मोजे रंगाच्या एकाच जागेपासून सुरू करा, आणि गुंड्यात मध्येच गाठ लागली तर पुढचा रंग क्रमाने येतोय का ते बघूनच पुढे जा.

हवा तसा धागा मिळाला नाही तर

शुद्ध मेरिनोच्या एखाद्या लडीवर मन जडलं असेल तर ती सोडायची गरज नाही. टाच आणि बोटांकडचा भाग विणताना बरोबर बारीक नायलॉनचा मजबुतीचा धागा घ्यावा, रंग शक्य तेवढा जवळचा. टाचेची पट्टी एक टाका न विणता उचलायचा, पुढचा सुलट, अशी विणली की तिथे वीण दुहेरी जाड होते. त्याच भागाला सुई पाव मिमीने लहान घेतली तर आणखी चांगलं. पुष्कळ जण टाच मजबूत करतात आणि चवड्याखालचा भाग विसरतात. जुने मोजे उलटून बघा, घरातल्या त्या माणसाचा मोजा नेमका कुठे जातो ते कळेल, आणि मजबुती तिथे द्या.

मिश्र धाग्याचा मोजा झिजतो तो एका विशिष्ट प्रकारे. आधी लोकर निघून जाते आणि टाचेवर नायलॉनची पातळ, पारदर्शक जाळी उरते. भोक पडायच्या बऱ्याच आधी ही जाळी दिसते. रफू करायची वेळ तीच: जुन्या टाक्यांच्या वाटेनेच सुईने नवा धागा फिरवला की टाच पुन्हा मऊ होते, आणि रफूची गाठ पायाला टोचत नाही. भोक पडल्यावर केलेलं रफू कितीही सुबक असलं तरी बुटात जाणवतं.

धुताना ३० अंशांपर्यंतचं पाणी, मोजे उलटे करून, लोकरीसाठीचं सौम्य द्रव. साध्या पावडरीत डाग खाणारी जी एन्झाइम असतात त्यातली काही प्रथिनं तोडतात, आणि लोकर प्रथिनाचीच बनलेली. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवतं. कापड मऊ करणारं द्रव वापरू नका. ते तंतूंवर थर बसवतं, मोजा घाम शोषेनासा होतो आणि निसरडाही होतो. पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट वाळवा. सुरुवातीच्या दोन-चार धुण्यांत जे गोळे येतात ते ओढू नका, कात्रीने किंवा गोळे काढायच्या यंत्राने काढा. ओढला की गोळ्याबरोबर आतला चांगला तंतूही निघून येतो.

उरलेल्या धाग्यातला पाच-सहा मीटर तुकडा रफूसाठी ठेवा, पण डब्यात नको. त्याची छोटी लडी करून जाळीच्या पिशवीत घाला आणि मोज्यांबरोबरच धूत चला. वर्षभराने रफू करायची वेळ येईल तेव्हा तिचा रंगही मोज्याएवढाच उतरलेला असेल, आणि आटायचं ते आटून झालेलं असेल.